खाऱ्या वाऱ्यातल्या जुन्या कोंबीचा गंज: घरी काम करायचं तर कुठून सुरुवात करायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की १९७३ ची फोक्सवॅगन कोंबी, वर उचलायच्या छपराची, मामांकडून तुमच्याकडे आली. वेंगुर्ल्याला समुद्राच्या अगदी जवळ, घराच्या खळ्यात ताडपत्रीखाली ती बरीच वर्षं उभी होती, आता दारांखालचा पत्रा बोटाने मोडतोय, ड्रायव्हरच्या पायाखालून जमीन दिसते, आणि जवळचा डेंटर म्हणतोय की वरून पत्रा मारतो, लांबी (म्हणजे पुट्टी) भरतो, रंग देतो, पंधरा दिवसांत गाडी नवी. तुम्ही विचारताय की हे घरी जमेल का, दारं-पत्रे नवे मिळतात का, आणि सुरुवात कुठून करायची.

जमेल. आणि माझं मत विचाराल तर घरीच करा, फक्त डेंटरने सांगितलेल्या पद्धतीने नको. तो काही खोटं बोलत नाहीये, पंधरा दिवसांत गाडी खरंच चकाचक दिसेल, पण दोनेक पावसाळ्यात लांबीला फुगे येतील आणि खालचा पत्रा तोवर आणखी गेलेला असेल. मी रत्नागिरी-सिंधुदुर्गात पत्र्याचंच काम करत आलोय, मासळीचे टेम्पो, मॅटाडोर, जुन्या जीपा, मधूनच एखादी कोंबी, आणि किनाऱ्यावरची गाडी बहुतेक वेळा बंद पोकळीतूनच सडते. तुम्हाला बाहेर जो फोड दिसतोय तिथे गंज सुरू झालेला नसतो, तिथे तो बाहेर निघालेला असतो. त्यामुळे सगळं काम आतून बाहेर करत यायचं, रंगाचा विचार एकदम शेवटी.

आधी ती ताडपत्री काढा, आजच. ताडपत्री गाडीला चिकटून असली की जमिनीतली ओल वर चढते, आत अडकते, रात्री पत्र्याखाली थेंब धरतात. त्यापेक्षा चार खांब रोवून वर पत्रे टाका, बाजू मोकळ्या ठेवा, पश्चिमेच्या बाजूला फक्त झडी, म्हणजे झावळ्यांचा आडोसा, बांधा म्हणजे खारं वारं थेट लागणार नाही. खाली मातीची जमीन असेल तर जांभ्याची भुकटी उडते आणि पोकळ्यांत जाऊन बसते, ती ओल धरून ठेवते, म्हणून शक्य असेल तर कोबा नाहीतर निदान फरशा टाकून घ्या.

आता मिठाबद्दल, कारण घाटावरच्या गाडीत आणि आपल्या गाडीत हाच फरक आहे. समुद्राच्या हवेत नुसतं खायचं मीठ नसतं, मॅग्नेशियम क्लोराईड पण असतं. खायचं मीठ हवेत साधारण ७५ टक्के आर्द्रता झाली की पाणी ओढून विरघळतं, पण मॅग्नेशियम क्लोराईड ३३ टक्क्यांवरच ओलं होतं, आणि वेंगुर्ल्याची हवा एवढी कोरडी कधी होते सांगा. म्हणजे पाऊस नसला, गाडी छपराखाली असली, तरी मिठाचा थर बसलेला पत्रा जवळजवळ वर्षभर ओलाच असतो. त्यात हे क्लोराईड गंजाच्या बारीक खड्ड्यांच्या तळाशी जाऊन बसतं, वरून वायर ब्रशने घासून पत्रा चमकला तरी खाली ते असतंच, आणि त्यावर रंग मारला की रंगाखाली गंज पुन्हा चालू. लोक म्हणतात प्रायमर खराब होता, बऱ्याचदा प्रायमर बिचारा ठीक असतो, मीठ धुतलेलं नसतं.

म्हणून ग्राइंडर हातात घ्यायच्या आधी गाडी धुवायची. खालून, मडगार्डच्या आतून, चासीच्या भोकांतून, प्रेशर पाइपने, दोन-तीन वेळा, मध्ये पूर्ण वाळू देऊन. पाणी गोडं पाहिजे हे लक्षात ठेवा. किनाऱ्यालगतच्या विहिरी मार्च-एप्रिलात मचूळ होतात आणि त्या पाण्याने धुणं म्हणजे मीठ काढून परत मीठ घालणं, तेव्हा टँकरचं किंवा नळाचं पाणी घ्या. खात्री करायची असेल तर शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेत सिल्व्हर नायट्रेट असतं, पत्र्यावरून ओघळलेल्या पाण्यात त्याचा थेंब टाकला की मीठ असेल तर पाणी दुधाळ होतं. नळाच्या पाण्यातही थोडं क्लोराईड असतं म्हणून शेवटचा हात बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याचा द्या, आणि तेच ओघळलेलं पाणी तपासा.

मग तपासणी. एक जुना अणकुचीदार स्क्रूड्रायव्हर, एक छोटी हातोडी, एक लोहचुंबक आणि खडू घ्या. चुंबक फडक्यात गुंडाळून बाहेरून फिरवा, जिथे धरत नाही तिथे खाली जाड लांबी आहे, खडूने गोल करा. हातोडीने हलके ठोकत जा, चांगला पत्रा टणटण वाजतो, सडलेला बद्द वाजतो. जिथे बद्द वाजलं तिथे स्क्रूड्रायव्हर जोर देऊन टोचा, आत गेला तर गेला, वाईट वाटून घेऊ नका, तो पत्रा तसाही गेलेलाच होता. ही कामं मन लावून करा, ह्यावरच पुढचा सगळा हिशोब ठरतो.

कोंबीत कुठे बघायचं ते सांगतो. ही १९६७ नंतरची, पुढे एकच मोठी, बाक असलेली काच असणारी दुसरी पिढी. हिला जीपसारखी वेगळी सुटी चासी नसते, खालचे लांब रेल, आडवे चॅनेल आणि बॉडी सगळं एकमेकांना वेल्ड केलेलं, म्हणजे खालचा पत्रा गेला की गाडीचं बळच गेलं. दारांखालची जी पट्टी तुमच्या बोटाने मोडते तिला आपण फुटबोर्डाखालची पट्टी म्हणू, ती एक दिसते पण आत तीन थर आहेत, बाहेरचा, मधला आणि आतला, आणि मधल्या पोकळीत माती आणि पाणी साठतं. बाहेरचा थर मोडला असेल तर मधला शंभर टक्के बघायचा, अंदाजाने सोडायचा नाही. पुढच्या चाकांच्या मागे, ड्रायव्हर चढताना पाय ठेवतो त्या पायरीखाली, चाकाने उडवलेला चिखल बसतो, ती जागा प्रत्येक कोंबीत जाते. पुढच्या काचेचं रबर कडक झालं की पाणी डॅशबोर्डामागून उतरून पायाखालच्या पत्र्यावर येतं, तुम्हाला जमीन दिसते त्याचं मूळ बहुतेक तिथे वर आहे, खाली नाही. म्हणजे फ्लोअर कितीही चांगला बदलला आणि रबर तेच ठेवलं तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. छपराच्या कडेची पन्हाळी, तिच्या खालचा सांधा खिळ्याने खरवडून बघा. इंजिनाच्या खणात बॅटरीचा ट्रे, अ‍ॅसिड सांडून सांडून तो जातोच. जॅक लावायच्या जागा, आणि त्या जिथे जोडल्यात ते आडवे चॅनेल. सरकत्या दाराचा खालचा ट्रॅक. मागच्या कोपऱ्यात हवा घ्यायच्या झरोक्यांच्या खाली. आणि छप्पर उचलायचं आहे म्हणजे जिथे पत्रा कापून ते बसवलंय तिथली कड, सील खालून ओल धरतं.

एक महत्त्वाचं, कुठलाही तुकडा कापायच्या आधी चासी नंबर कुठे ठोकलाय ते शोधा. ह्या गाड्यांत तो इंजिनाच्या खणात असतो, म्हणजे बॅटरीचं अ‍ॅसिड जिथे जातं त्याच भागात. तो घासू नका, कापू नका, आधी फोटो घ्या, पेन्सिलने कागदावर छाप उतरवून ठेवा. तो गेला की आरटीओत गाडी कुणाची हेच सिद्ध करता येणार नाही. आणि गाडी पन्नास वर्षांच्या वर आहे, तर २०२१ साली केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम आणलेत, त्यात अट अशी आहे की गाडी मूळ रूपात पाहिजे, चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. त्या नोंदणीवर रोजच्या वापराला गाडी काढता येत नाही, तुम्हाला कॅम्पिंगलाच फिरायचं असेल तर आहे ती आरसी चालू ठेवणं बरं, पण दोन्ही वाटा मोकळ्या राहाव्यात म्हणून जे बदलाल ते मूळ आकाराचंच बदला आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो ठेवा. रंग दुसरा देणार असाल तर त्याचीही नोंद आरसीवर लागते.

वेळापत्रक. आपल्याकडे कामाला खरे महिने दसऱ्यानंतर सुरू होतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर धुणं, उघडणं, तपासणं. डिसेंबर ते फेब्रुवारी कापणं, वेल्डिंग आणि प्रायमर, ह्या दिवसांत हवा त्यातल्या त्यात कोरडी. मार्च-एप्रिल लांबी आणि रंग. मे मध्ये पोकळ्यांत मेण, रबरं, काचा, आणि आगोटीच्या आत, म्हणजे पाऊस लागायच्या आधी, गाडी बंद. एका मोसमात सगळं होणार नाही असं वाटलं तर अर्धी गाडी करा पण केलेला भाग पूर्ण करा, म्हणजे डावी बाजू पोकळीतल्या मेणापर्यंत संपवायची आणि उजवीला हातच लावायचा नाही. सगळी गाडी उघडी नागडी करून मृगाचा पाऊस अंगावर घेतला तर चार महिन्यांत आधीच्या दहा वर्षांएवढा गंज चढेल.

आता गाडी उचलायची. जांभ्याच्या चिऱ्यावर गाडी टेकवू नका, हे मी हात जोडून सांगतो. आपल्या घरी चिरे पडलेलेच असतात आणि मोह होतो, पण चिरा भिंतीत बसवायला ठीक, एका जागी वजन आलं की कड भुगा होऊन सुटते, आणि खाली तुम्ही असता. लोखंडी स्टँड घ्या नाहीतर सागाचे-अईनाचे जाड ठोकळे आडवे-उभे रचा. कुजलेल्या जॅक पॉइंटखाली टेकू द्यायचा नाही, जिथे पत्रा शाबूत आहे अशा रेलखालीच. मग खालची पट्टी कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवा आणि तिरपा असा चौकोनी पाइप टाक्यांनी बसवून घ्या, कारण पट्टी कापली की गाडी मधून खचते आणि दार परत कधी नीट लागत नाही. दारं काढून टाकू नका, लावलेलीच असू द्या, प्रत्येक टप्प्याला उघडून मिटून फट बघा. एका वेळी एकच बाजू, आणि त्या बाजूचेही सगळे थर एकदम नाही, आतला-मधला झाला की मग बाहेरचा.

वेल्डिंगआधी बॅटरी काढा, डायनमो किंवा अल्टरनेटर जे असेल त्याच्या वायरी सोडा. पेट्रोलची टाकी इंजिनाच्या पुढच्या बाजूला आत बसलेली असते, ती काढायची तर इंजिन उतरवावं लागतं, तर उतरवा, त्यात कंटाळा नको. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक, आत वाफ असते. जुना फोम, पडदे, डांबरी चादरी काढून टाका, त्या मागच्या बाजूने धुमसत राहतात आणि पाऊण तासाने पेट घेतात. खळ्यातल्या झावळ्या, नारळाची सोडणं, पातेरा आधी झाडून घ्या, पाण्याची बादली आणि एक माणूस जवळ ठेवा. जुन्या रंगात शिसं असू शकतं तेव्हा कोरडं घासताना चांगला मास्क लावा आणि पोरांना लांब ठेवा.

कापताना किती कापायचं ह्याला माझं माप एकच, चकचकीत जाड पत्रा लागेपर्यंत आणि त्याच्या पुढे आणखी बोटभर. गंजलेल्या कडेला वेल्डिंग धरतच नाही, पापडासारखी कड जळून भोक मोठं होत जातं आणि माणूस चिडतो, तर ते मशीनचं चुकत नसतं, कड कमी कापलेली असते. वरून पत्रा मारायची पद्धत ह्याचसाठी वाईट, जुना गंज आणि नवा पत्रा ह्यांच्यामध्ये एक पातळ फट राहते, तिथे पाणी केशाकर्षणाने वर चढतं आणि बाहेर यायला वाट नसते. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, तो फुगत जाऊन टाके उचकटतो, जुन्या सांध्यांचे तोंड उघडलेलं दिसतं ते ह्यानेच.

पत्रा सीआर (कोल्ड रोल्ड) घ्या, बाहेरच्या अंगाला २० गेज, खालच्या चॅनेलना १८ किंवा १६, गेजचा आकडा कमी तितका पत्रा जाड. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला पत्रा घेतला तर वेल्डिंगच्या कडेचं जस्त आधी घासून काढा, जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. साध्या काडीच्या वेल्डिंगने २० गेजचा पत्रा टिकत नाही, भोकं पडतात. मिग मशीन, म्हणजे वायर आपोआप पुढे सरकवणारं वेल्डिंग मशीन, भाड्याने घ्या, ०.८ मिलिमीटरची वायर, त्याहून ०.६ मिळाली तर फारच छान, आणि गॅसवाली, कारण बिनगॅसची वायर पातळ पत्र्याला जास्त तापवते. पितळेचा गॅस-टाका जुने डेंटर सुंदर मारतात पण त्यात पत्रा खूप लांबपर्यंत तापतो, वाकतो, आणि फ्लक्स राहिला तर तिथूनच गंज धरतो, म्हणून बळाच्या जागी तो नको.

वाऱ्याचं गणित सांभाळा. मिगचा गॅस वाऱ्याने उडाला की टाक्यात बारीक बारीक छिद्रं येतात, स्पंजासारखा दिसतो, आणि तसा टाका पाणी झिरपवतो. आपल्याकडे रात्रीचे मतलई वारे सकाळी मंदावतात आणि अकरा-बाराच्या सुमारास समुद्रावरून खारं वारं सुटतं, मधला सकाळचा वेळ शांत असतो, वेल्डिंग तेव्हाच उरका, नंतर मोजमाप, कापाकापी करा. गावात संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हाही मशीन नीट चालत नाही, त्यामुळे सकाळच बरी.

टाका कसा मारायचा हे थोडं खोलात सांगतो कारण नवीन माणूस इथेच फसतो. तुकडा भोकाच्या मापाचा कापा, वर चढणारा नको, काठाला काठ, मध्ये साधारण एक मिलिमीटर फट, म्हणजे हॅकसॉने केलेल्या कापाएवढी. चार कोपऱ्यांना चार टाके. मग समोरासमोर, एक इथे तर पुढचा एकदम पलीकडे, मग मधोमध, असं करत इंच-इंचावर आणा. ट्रिगर सेकंदभर दाबायचा आणि सोडायचा, चर्र आवाज एकसारखा आला पाहिजे, फटफट वाजलं तर वायर जास्त जातेय किंवा करंट कमी आहे. टाका लाल होता तो काळसर होईपर्यंत थांबा, मग हाताचा पंजा शेजारी ठेवून बघा, हात ठेववतोय तरच पुढचा टाका. मागच्या बाजूने बघा, निळसर वलय आणि मधोमध मणी थोडा बाहेर आलेला दिसला तर टाका आरपार बसला, नुसतं वलय दिसलं तर वरवर चिकटलाय, ग्राइंड केलात की सुटेल. सलग रेघ ओढायचा मोह आवरा. मोठ्या सपाट अंगावर सलग वेल्डिंग केलं की पत्रा लाटा धरतो आणि मग त्या लपवायला पुन्हा लांबी. जास्तीचा टाका फ्लॅप डिस्कने उतरवा, जाड दगडी चाकाने नको, ते शेजारचा पत्रा पातळ करतं.

पोकळी बंद करायच्या आधी आतल्या दोन्ही अंगांना जस्ताचा वेल्डिंग प्रायमर मारून घ्या, आणि पाणी जायची भोकं मूळ जागी ठेवा. ह्या भोकांबद्दल मी फार आग्रही आहे. कंपनीने पट्टीच्या खाली, दारांच्या खालच्या कडेला भोकं दिलेली असतात ती वर्षानुवर्षं माती, रंग आणि अंडरकोटने बुजतात, आणि डेंटर तुकडा बसवताना ती देत नाहीत. दाराच्या काचेवरून पाणी आत जाणारच, गाडी तशीच बनवलेली असते, ते खालून निघून जायला हवं एवढंच.

जिथे कापावं लागलं नाही, वरवरचा गंज आहे, तिथे रसायन चालतं. फॉस्फोरिक अ‍ॅसिडचं रस्ट रिमूव्हर मिळतं, ते गंजाला फॉस्फेट करतं, पण पापुद्रे असतील तर ते आधी खरवडून टाकावेच लागतात, आणि नंतर धुवून पूर्ण वाळवावं लागतं कारण अ‍ॅसिड उरलं तर वरचा एपॉक्सी प्रायमर नीट सुकत नाही. दुसरा प्रकार टॅनिक अ‍ॅसिडचा, लावला की गंज निळा-काळा होतो. हे टॅनिन आपल्या हिरड्यात भरपूर असतं, हिरडा आणि हिराकस घालून काळी शाई करायचे ती हीच प्रक्रिया. पण घरी हिरडे उकळून लावू नका, त्यात बाकी बरंच काही असतं जे रंगाखाली नको. आणि कुठलाही कन्व्हर्टर, म्हणजे गंज बदलणारं असं रसायन, भोक पडलेल्या पत्र्याला जीव देत नाही. हल्ली गाडीला वायर जोडून गंज थांबवणारी इलेक्ट्रॉनिक डबी विकतात, तिच्यावर पैसे घालवू नका. बोटीला जस्ताचे गट्टू लावतात ते काम करतात कारण बोट पाण्यात असते, गाडीभोवती हवा असते, करंट फिरायला मार्गच नाही.

रेडऑक्साईडवर आपल्याकडे सगळ्यांचा फार विश्वास. साधा रेडऑक्साईड खिडकीच्या गजाला ठीक, पण तो ओल आरपार जाऊ देतो. तुम्ही दोन डब्यांचा एपॉक्सी प्रायमर घ्या, झिंक फॉस्फेटवाला, ऑटो पेंटच्या दुकानात नसला तर बंदराजवळ बोटींचा रंग विकतात तिथे विचारा. उघड्या पत्र्यावर थेट एपॉक्सी, घासल्यावर त्याच दिवशी, रात्रभर पत्रा उघडा ठेवायचा नाही. सकाळी दव असतं, पत्रा हाताला कोरडा लागला तरी गार असतो, म्हणून पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान तीन अंशाने वर पाहिजे हा नियम पाळा. व्यवहारात हिवाळ्यात दहा ते एक ह्या वेळात मारा, चारनंतर नको. मारायच्या अगदी आधी पत्रा थिनरच्या फडक्याने पुसा, लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने, कारण हाताचा तेलकटपणा आणि धूळ राहिली तर रंग नीट धरत नाही.

एपॉक्सी झाला की सांध्यांवर सीम सीलर, मग पुन्हा एक हात. लांबी ह्याच्यावर, उघड्या पत्र्यावर कधीच नाही. आणि इथे डेंटर लोकांशी माझा जुना वाद आहे, ते लांबी पाण्याने घासतात. लांबी पाणी पिते. वरून सर्फेसर (रंगाआधीचा अंग सपाट करणारा थर) मारला की ते पाणी आतच राहतं आणि एप्रिलच्या उन्हात फोड बनून वर येतं. लांबी कोरडीच घासा, ८० नंबरचा पॉलिश पेपर लाकडी पट्टीला लावून, मग १८०, मग ३२०. पाण्याचा पेपर फक्त सर्फेसरच्या पुढे. जाडी दोन-तीन मिलिमीटरच्या वर जायला लागली तर थांबा, पत्रा हातोडी आणि डॉलीने (मागून धरायचा लोखंडी ठोकळा) आणखी सरळ करा. उन्हाळ्यात हार्डनर कमीच घाला, नाहीतर पट्टी फिरवेपर्यंत दगड होतो.

शेवटचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग घरी फवारू नका. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, साध्या कापडी मास्कने ते थांबत नाही, एकदा दम्यासारखा त्रास चिकटला की आयुष्यभर राहतो. सर्फेसरपर्यंत घरी करा आणि रंगाला गाडी बूथवाल्याकडे, म्हणजे रंग फवारायची बंद खोली असलेल्याकडे, न्या, रत्नागिरी, कुडाळ, गोव्यात बूथ आहेत. घरीच करायचं असेल तर एका डब्याचा इनॅमल ब्रश-रोलरने मारा, चमक कमी येईल पण खरवडला तर तुम्हीच पुन्हा मारू शकता, आणि कॅम्पिंगच्या गाडीला झाडाझुडपाचे ओरखडे येणारच.

रंगानंतर पोकळ्यांत मेण. कॅव्हिटी वॅक्स लांब नळीने पट्टीत, दारांत, आडव्या चॅनेलमध्ये, खांबांत, भोकातून थेंब बाहेर येईपर्यंत. मे महिन्यात मारा, उष्णतेने ते सांध्यांत शिरतं. नंतर भोकं तारेने मोकळी करायची. आपल्याकडे पावसाआधी गाडीखाली काळं तेल मारतात, इंजिनातलं जळकं तेल, त्यात अ‍ॅसिड आणि घाण असते, रबरं फुगतात, आणि ते विहिरीच्या पाण्यात उतरतं, म्हणून ते नको. जाड डांबरी अंडरकोटही गंजावर मारू नका, तो कडक होऊन सुटतो आणि त्याच्या मागे ओल अडकते.

आता दारं-पत्र्यांचं. ही गाडी जर्मनीत १९७९ पर्यंत आणि ब्राझीलमध्ये तर २०१३ पर्यंत बनत होती, त्यामुळे बाहेर हिचे जवळजवळ सगळे पत्रे नवे मिळतात. पण आणायचा खर्च आणि ड्युटी बघता जे वाकवून घडवता येत नाही तेवढंच मागवा, म्हणजे पुढच्या चाकाची कमान, पायरीचा तुकडा, पन्हाळी, आणि पुढच्या काचेचं रबर. पट्ट्या, आडवे चॅनेल, फ्लोअर हे सरळ घड्यांचं काम आहे, पुठ्ठ्याचा नमुना कापून फॅब्रिकेशनवाल्याकडे बेंडिंग मशीनवर वाकवून घ्या. दारांच्या खालची सहा इंच पट्टीच गेलेली असते, अख्खं दार नको. आणि तुमच्या डेंटरला सोडू नका, दाराची ती खालची पट्टी दुमडून बसवायला, अंग सरळ करायला त्याच्यासारखा हात तुम्हाला इतक्यात बसणार नाही, त्याला रोजावर बोलवा, कापणं आणि वेल्डिंग झाल्यावर, आणि लांबी कोरडी घासायची हे आधी ठरवून घ्या.

धुणं आणि टोचणं झालं की खडूच्या खुणांसकट खालून फोटो काढून पाठवा, दोन्ही बाजूच्या पट्ट्यांचे, जॅकच्या चारही जागांचे आणि पुढच्या काचेच्या खालच्या कडेचे, म्हणजे कुठली बाजू आधी घ्यायची ते सांगता येईल.